विश्वासणाऱ्यांचाही न्याय होणार आहे

तारण झालेल्या माणसाचा न्याय होणार नाही, ही शिकवण आज मराठी मंडळ्यांतून इतक्या सहजपणे दिली जाते की ती आली कुठून, हे विचारायचे कोणाला सुचतही नाही. कन्व्हेन्शनच्या मांडवात, घरगुती प्रार्थनासभेत, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत तिचा क्रम ठरलेला असतो. आधी मंडळी एका क्षणात ढगांमध्ये उचलली जाईल. मग पृथ्वीवर सात वर्षांचे महासंकट येईल, पण ते मागे राहिलेल्यांवर. त्या काळात विश्वासणारे स्वर्गात ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभे राहतील. मात्र तिथे न्याय असा व्हायचा नाही, सेवेप्रमाणे मुगूट मिळतील, कोणाला कमी, कोणाला जास्त. खरा न्याय त्यानंतर हजार वर्षांनी, मोठ्या पांढऱ्या राजासनापुढे होईल आणि तिथे आपल्यापैकी कोणीच नसेल.

या शिकवणीला माझा विरोध आहे. प्रश्न तपशिलातल्या एखाद्या फरकाचा असता तर मी लिहायला बसलो नसतो. शेवटच्या काळाविषयी ख्रिस्ती लोकांत पहिल्यापासून मतभेद आहेत, आणि हजार वर्षांचे राज्य अक्षरशः घ्यायचे की नाही यावर भली भली माणसे दोन्ही बाजूंना उभी आहेत. पण विश्वासणाऱ्याला न्यायातूनच वगळणे ही फार मोठी गोष्ट आहे. नव्या करारात तिला आधार नाही, जुन्या विश्वासांगीकारांत ती नाही, आणि आपल्या मंडळ्यांच्या वागणुकीवर तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो आहे.

समोरच्यांकडे वचने नाहीत असे मी म्हणणार नाही. योहान ५:२४ त्यांच्या तोंडी असते: जो ऐकतो आणि विश्वास ठेवतो त्याच्यावर न्यायाचा प्रसंग येत नाही, तो मरणातून पार होऊन जीवनात गेला आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा आरंभ असतो: जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. ही वचने माझीही आहेत. आजारी माणसाच्या उशाशी मीही तीच वाचतो. पण योहानाच्या त्याच अध्यायात, अवघ्या चार ओव्यांनंतर, तोच प्रभू सांगतो की कबरेतले सर्वजण त्याची वाणी ऐकून बाहेर येतील. ज्यांनी चांगले केले ते जीवनासाठी, ज्यांनी वाईट केले ते शिक्षेसाठी. एकाच भाषणातली ही दोन वाक्ये आहेत. पहिले पाठ करून दुसरे ‘इतरांसाठी’ म्हणून बाजूला काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दोषी न ठरणे वेगळे आणि हजरच न होणे वेगळे. ज्याला निर्दोष सोडले जाते तोही न्यायालयातूनच सुटतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात दंडाज्ञा नाही असे लिहिणारा पौल त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात, विश्वासणाऱ्यांनाच, आपण सर्व देवाच्या न्यायासनासमोर उभे राहणार आहोत असे बजावतो. त्याला या दोहोंत विरोध दिसला नाही.

यावर ठरलेले उत्तर येते की ते न्यायासन वेगळे. ते क्रीडास्पर्धेतल्या पंचाचे आसन. करिंथजवळ इस्थमियन खेळ भरत, तिथे जिंकणाऱ्याला जिथे मुगूट मिळे तशी ही जागा. पौल धावपटूचे आणि नाशवंत मुगुटाचे उदाहरण देतो हे खरे, पण ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात. न्यायासनाची गोष्ट दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि तिथे तो म्हणतो की प्रत्येकाने देहात असताना जे केले, बरे असो की वाईट, त्याचे फळ त्याला मिळावे म्हणून आपणा सर्वांना प्रकट व्हायचे आहे. स्पर्धेच्या बक्षिसाच्या जागी वाइटाची झडती होत नसते. आणि लगेच पुढच्या ओवीत तो प्रभूच्या भयाविषयी बोलतो. बक्षीस घ्यायला जाणारा माणूस भयाची भाषा बोलेल का?

करिंथकरांना न्यायासन म्हटल्यावर काय आठवत असेल हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचू शकतो. गावच्या चौकात, दुकानांच्या रांगेच्या मधोमध, एक उंच दगडी चौथरा होता. उत्खननात तो सापडला आहे आणि आजही करिंथच्या अवशेषांत पाहायला मिळतो. अखयाचा सुभेदार गल्लियो तिथे बसून न्याय करी. डेल्फी इथल्या शिलालेखावरून त्याचा काळ इ.स. ५१-५२ च्या आसपासचा ठरतो. यहुद्यांनी पौलाला धरून त्याच आसनापुढे उभे केले. पौल तोंड उघडणार इतक्यात गल्लियोने प्रकरण फेटाळले, सगळ्यांना आसनासमोरून हाकलून दिले, आणि त्याच्या देखत लोकांनी सभास्थानाचा अधिकारी सोस्थनेस याला तिथेच मारहाण केली. गल्लियोने त्याची पर्वा केली नाही. करिंथच्या मंडळीतल्या कितीतरी जणांना हा प्रसंग ठाऊक असणार. अन्याय डोळ्यांसमोर घडत असताना मान फिरवणारा न्यायाधीश त्यांनी पाहिला होता. पौल त्यांना सांगतो आहे की एक आसन असे आहे जिथे मान फिरवली जाणार नाही. या वाक्याला बक्षीस समारंभ करून टाकणे म्हणजे त्यातला कणा काढून घेणे आहे.

राहिले करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले अग्नीचे वचन. सोने, रुपे, मोलवान पाषाण एकीकडे. लाकूड, गवत, पेंढा दुसरीकडे. ज्याचे काम जळेल त्याचे नुकसान होईल, पण तो स्वतः तरेल, जणू अग्नीतून. यातल्या ‘तो तरेल’ एवढ्यावरच बोट ठेवले जाते. पण हे लिहिले कोणाविषयी आहे? पौल आणि अपुल्लोस यांच्या नावाने गट पाडणाऱ्या मंडळीला, मंडळी बांधणाऱ्या पुढाऱ्यांविषयी लिहिले आहे. आणि दोनच ओव्या पुढे, जो कोणी देवाच्या मंदिराचा नाश करील त्याचा देव नाश करील, असा इशारा आहे. मंदिर म्हणजे तुम्ही, हेही तिथेच सांगितले आहे. मिशन आवारांच्या जमिनींवरून वर्षानुवर्षे चालणारे खटले, धर्मादाय आयुक्तांकडे पडून असलेली बदल अर्जांची प्रकरणे, एकाच चर्चच्या दोन कमिट्या आणि दोन कुलुपे हे सारे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे वचन पुढाऱ्यांसाठी किती कडक आहे ते समजावून सांगावे लागणार नाही. आमच्या भागातल्या अशाच एका वादात दोन्ही बाजूंचे लोक रविवारी उचलले जाण्याच्या आशेवर गाणी म्हणत होते आणि सोमवारी एकमेकांविरुद्ध प्रतिज्ञापत्रे करत होते. हिशेब द्यायचा आहे असे यांना कोणी सांगितलेच नव्हते. मुगूट किती मिळेल एवढेच सांगितले होते.

ही शिकवण आली कुठून, तेही पाहू. जॉन नेल्सन डार्बी हा १८०० साली जन्मलेला, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला, चर्च ऑफ आयर्लंडचा धर्मगुरू. राजसत्तेच्या दावणीला बांधलेल्या त्या चर्चला कंटाळून तो बाहेर पडला आणि पुढे प्लिमथ ब्रदरन म्हणून ओळखल्या गेलेल्या मंडळ्यांचा पुढारी झाला. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला आयर्लंडमधल्या विकलो परगण्यात लेडी पॉवर्सकोर्ट यांच्या वाड्यावर भविष्यवाणीच्या अभ्यासासाठी परिषदा भरल्या. त्या वर्तुळात इस्राएल आणि मंडळी यांची पूर्ण फारकत, आणि महासंकटाआधी मंडळीचे उचलले जाणे, हा विचार आकाराला आला. डार्बीची भक्ती आणि साधी राहणी मला आदराची वाटते. त्याच्या मांडणीविषयी तसे म्हणता येत नाही. तो अमेरिकेत वारंवार गेला, आणि त्याचा विचार तिथे रुजला.

पण घराघरांत तो पोहोचवला सायरस स्कोफील्ड या वकिलीतून धर्मसेवेत आलेल्या गृहस्थाने. त्याचे टिपांचे बायबल ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९०९ मध्ये छापले, १९१७ मध्ये सुधारून काढले. वचन वर, टीप त्याच पानाच्या तळाशी, दोन्ही एकाच काळ्या चामड्याच्या बांधणीत. वाचणाऱ्याला दोहोंतला फरक जाणवेनासा झाला. १९७० मध्ये याच विषयावरचे हॅल लिंडसीचे पुस्तक आले, १९९५ पासून टिम लाहे आणि जेरी जेनकिन्स यांची कादंबरीमाला आली, तिच्यावर चित्रपट निघाले, आणि आज पुणे-मुंबईच्या तरुण मुलांना प्रकटीकरणाचे पुस्तक न वाचताही विमानातून अदृश्य होणारे प्रवासी माहीत आहेत.

याच्या आधी काय होते? इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेपासून चालत आलेला विश्वासांगीकार ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला गौरवाने पुन्हा येईल असे सांगतो. येणे एक, न्याय एक. उपासनेत आपण ते उभे राहून म्हणतो. हजार वर्षांचे राज्य अक्षरशः मानणारा दुसऱ्या शतकातला इरेनियस ख्रिस्तविरोधी मंडळीचा छळ करील आणि तिला पळवून लावील असे लिहितो. म्हणजे मंडळी तेव्हा इथेच आहे. मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी १५३० मध्ये ऑग्सबर्गला मांडलेला कबुलीजबाब, १५६३ चे हायडलबर्ग प्रश्नोत्तर, १६४० च्या दशकातले वेस्टमिन्स्टरचे विश्वासपत्र, सगळीकडे एकच न्याय आहे. वेस्टमिन्स्टर तर स्पष्ट सांगते की पृथ्वीवर जगलेली सारी माणसे ख्रिस्तापुढे येऊन विचार, शब्द आणि कृती यांचा जाब देतील. केवळ कृपेने तारण या एका मुद्द्यासाठी ज्यांनी युरोप ढवळून काढला त्या लोकांचे हे म्हणणे आहे. न्यायाविषयी बोलणे म्हणजे कर्माने तारण शिकवणे, असा आरोप माझ्यासारख्यांवर होतो तेव्हा मी या माणसांकडे बोट दाखवतो.

आता मत्तयाचा पंचविसावा अध्याय. या शिकवणीने केलेले सर्वांत मोठे नुकसान इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

मनुष्याचा पुत्र गौरवाने येतो, सर्व राष्ट्रे त्याच्यापुढे जमतात, मेंढरे उजवीकडे, शेरडे डावीकडे. भुकेल्याला खायला दिले का, तान्हेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट घेतली का, एवढीच चौकशी. दोन्हीकडचे लोक त्याला ‘प्रभू’ म्हणतात, दोन्हीकडचे चकित होतात. स्कोफील्डची टीप सांगते की हा शेवटचा न्याय नव्हे. हा महासंकटानंतर जिवंत उरलेल्या राष्ट्रांचा न्याय आहे, इथे पुनरुत्थान नाही, पुस्तके उघडलेली नाहीत. आणि ‘माझे भाऊ’ म्हणजे कोण? तर महासंकटाच्या काळात सुवार्ता सांगणारे उरलेसुरले यहुदी. राष्ट्रांनी त्यांना कसे वागवले यावर निकाल.

म्हणजे हे उदाहरण ज्या शिष्यांना प्रत्यक्ष सांगितले गेले त्यांच्याशी त्याचा संबंध नाही, आणि आपल्याशीही नाही. पण याच अध्यायात आधी दहा कुमारींची आणि ठेवलेल्या रुपयांची गोष्ट आहे. दोन्हींत मालकाच्या घरच्या माणसांचीच झडती होते. जिच्याजवळ तेल नाही ती कुमारी, ज्याने रुपये पुरून ठेवले तो चाकर, दोघेही घरचेच. तिसऱ्या गोष्टीत मात्र अचानक दूरच्या काळातले परके लोक आणायचे, याला मजकुरात काहीच आधार नाही. भुकेल्याच्या तोंडून बोलणारा ख्रिस्त आपल्या दारातून उचलून दूरच्या एका काळात नेऊन ठेवला, असा याचा अर्थ होतो.

मंडळीने हा अध्याय शतकानुशतके स्वतःविषयी वाचला. कैसरियाचा बाझिल इ.स. ३६९ च्या सुमाराच्या दुष्काळात धान्याची कोठारे भरून ठेवणाऱ्या आपल्याच ख्रिस्ती श्रीमंतांना या न्यायाची आठवण करून देत होता, आणि पुढे त्याने गावाबाहेर गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी मोठी वसाहत उभी केली. जॉन क्रिसोस्टोम हाच अध्याय उघडून लोकांना विचारत असे की सोन्याचे प्याले वेदीवर आणि ख्रिस्त बाहेर थंडीत उघडा, हे चालते का.

आपल्याकडेही हे घडले आहे. पंडिता रमाबाईंनी लहानपणी दुष्काळ भोगला होता. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात भटकताना काही महिन्यांच्या अंतराने आई-वडील आणि थोरली बहीण त्यांनी गमावली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि विधवा नि पोरक्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर छपरे उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो जणी आल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन. मुली विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. १९०५ च्या जागृतीत याच मुली तासन्‌तास प्रार्थनेत रडल्या, आणि त्या जागृतीत पापाची कबुली सर्वांत पुढे होती.

मला ठाऊक आहे, समोरचे इथे म्हणतील की प्रभू लवकर येणार या आशेनेच मिशनरी जगाच्या टोकाला गेले. ते खरे आहे. कोल्हापुरात १८६३ मध्ये जन्मलेल्या रॉबर्ट वाइल्डर यांनी पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना परदेशी सेवेसाठी उठवले, त्या चळवळीत ही आशा होतीच. पण प्रभू येणार आहे, ही आशा वेगळी, आणि तो येईल तेव्हा मला काही विचारणार नाही, हा दिलासा वेगळा. पहिलीने माणसे घराबाहेर काढली. दुसरा त्यांना घरात बसवतो.

उचलले जाण्याविषयीही बोलले पाहिजे, कारण न्यायातून सुटका आणि संकटातून सुटका या दोन्ही कल्पना एकाच मुळावर उभ्या आहेत. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आपण मेघांत घेतले जाऊन अंतराळात प्रभूला सामोरे जाऊ असे आहे. पण तिथून पुढे स्वर्गात परत नेले जाऊ, असे त्यात कुठेच नाही. सामोरे जाणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवायला नको. वराकडची मंडळी वेशीवर आली की वधूपक्ष वाजतगाजत पुढे जातो, सीमांतपूजन होते, आणि सगळे मिळून मांडवाकडे येतात; वेशीवरून नवरदेवाच्या गावाला कोणी परत जात नाही. दहा कुमारी वराला सामोऱ्या गेल्या त्या लग्नघरी येण्यासाठी. रोमचे बंधू अप्पियाची पेठ आणि तीन उतारशाळा इथवर पौलाला सामोरे आले आणि त्याला घेऊन रोमला गेले. शिवाय या प्रसंगी आज्ञेची गर्जना आहे, आद्यदेवदूताची वाणी आहे, देवाचा कर्णा आहे. ज्यात कर्णा वाजतो ते गुपचूप होत नाही. आणि दुसऱ्या पत्रात पौल याच मंडळीला सांगतो की तो दिवस आला आहे असे कोणी म्हटले तर फसू नका. आधी अधर्माचा माणूस प्रकट व्हायचा आहे. मंडळी त्याआधीच जाणार असती तर एवढे एकच वाक्य पुरले असते की तुम्ही अजून इथे आहात, म्हणजे तो दिवस आलेला नाही. पौलाने ते लिहिले नाही.

प्रकटीकरण ४ ते १८ मध्ये ‘मंडळी’ हा शब्द नाही, म्हणून मंडळी तेव्हा पृथ्वीवर नाही, असेही सांगतात. लूक आणि योहान यांच्या शुभवर्तमानांतही तो शब्द नाही. प्रकटीकरणाच्या त्याच अध्यायांत पवित्र जन आहेत, त्यांच्याशी श्वापद लढते, आणि त्यांच्या धीराची नि विश्वासाची गोष्ट पुन्हापुन्हा येते. फिलदेल्फियाच्या मंडळीला परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचे वचन आहे हे खरे, पण प्रभूने योहानाच्या सतराव्या अध्यायात आपल्या लोकांसाठी नेमकी काय प्रार्थना केली? त्यांना जगातून काढून घे असे मी मागत नाही, दुष्टापासून राख. इजिप्तवर पीडा आल्या तेव्हा इस्राएल इजिप्तमध्येच होते आणि राखले गेले.

त्याच प्रकटीकरणात स्मुर्णाच्या मंडळीला मरेपर्यंत विश्वासू राहायला सांगितले आहे. तिथला वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्याला जाळून मारला गेला. ओडिशातल्या कंधमालमध्ये २००८ च्या ऑगस्टपासून घरे आणि चर्चे जळाली, हजारो माणसे जंगलात पळाली, मग महिनोन्‌महिने छावण्यांत राहिली. हे महासंकट नव्हे, साधा छळ आहे, असे उत्तर मला मिळाले आहे. मग स्मुर्णाला आणि कंधमालला जी सवलत मिळाली नाही ती शेवटच्या पिढीलाच का मिळावी? ज्या मंडळीला दुःखातून जाण्यासाठी तयार करायचे तिला दुःख आपल्या वाट्याचे नाही असे शिकवले, तर संकट येईल त्या दिवशी तिचा विश्वासच डळमळेल. ही जबाबदारी शिकवणाऱ्याची आहे.

गाझातल्या संत पोर्फिरिअसच्या प्राचीन चर्चच्या आवारावर २०२३ च्या ऑक्टोबरात हल्ला झाला, आसऱ्याला आलेले ख्रिस्ती लोक तिथे मेले. त्या आठवड्यांत आपल्याकडे फिरत होते ते यहेज्केलच्या ३८ व्या अध्यायाचे नकाशे. प्रभूचे भाऊ कोण, हे स्कोफील्डच्या टिपेतून शिकलेल्यांना ते मेलेले भाऊ दिसले नाहीत.

प्रभूच्या येण्याच्या जाहीर केलेल्या तारखांविषयी फार लिहीत नाही. विल्यम मिलरच्या अनुयायांची २२ ऑक्टोबर १८४४, दक्षिण कोरियातली २८ ऑक्टोबर १९९२, हॅरल्ड कॅम्पिंगची २१ मे २०११, आणि अगदी अलीकडे २०२५ च्या सप्टेंबरात समाजमाध्यमांवर गाजलेली दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकाची घोषणा, सगळ्या तारखा गेल्या. कोरियातली तारीख सांगणाऱ्या पुढाऱ्याने स्वतः मात्र त्या तारखेच्या पुढची मुदत असलेले रोखे घेऊन ठेवले होते. त्याला फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरे विकली. आपले बरेच प्रचारक तारीख सांगत नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. पण तारीख न सांगता दर संकटाला ‘ही खूण’ म्हणत राहिले तरी ऐकणाऱ्याच्या मनावर तोच परिणाम होतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. तुम्ही मरणाऱ्या विश्वासणाऱ्याचा दिलासा काढून घेता, असे मला सांगितले जाते. हायडलबर्गच्या प्रश्नोत्तरांत नेमका हाच प्रश्न आहे: ख्रिस्त न्याय करायला येणार, यात तुला काय दिलासा? उत्तराचा आशय असा की जो माझ्या जागी देवाच्या न्यायासनापुढे उभा राहिला तोच न्यायाधीश म्हणून येणार आहे, म्हणून मी डोके वर करून त्याची वाट पाहतो. पिलाताच्या आसनापुढे उभा राहिलेला, खोट्या साक्षी ऐकलेला, निर्दोष असून दोषी ठरवला गेलेला तो आहे. विश्वासणाऱ्याचा दिलासा न्यायाधीश कोण आहे यात आहे. न्याय होणारच नाही यात तो कधीच नव्हता. आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या दिलाशाचे काय? चर्चमध्येच लुबाडली गेलेली विधवा, वडीलधाऱ्यांनी ज्याच्या तक्रारीवर पांघरूण घातले ते मूल, यांना आपण सांगायचे का, की ज्याने हे केले तोही तारण पावलेला आहे, तेव्हा वरही त्याला कोणी काही विचारणार नाही, फार तर एक मुगूट कमी मिळेल? एवढ्याने त्यांची भूक भागणार नाही, आणि नीतिमत्त्वाची भूक धन्य आहे असे प्रभूने डोंगरावर सांगितले.

शेवटी रोमकरांस चौदाव्या अध्यायाकडे येतो, कारण या विषयावरच्या प्रचारात तो मी क्वचितच ऐकला आहे. रोमच्या मंडळीत काय खावे, कोणते दिवस पाळावे यावरून दोन गट पडले होते. एक गट दुसऱ्याला तुच्छ मानत होता, दुसरा पहिल्याला दोषी ठरवत होता. पौल विचारतो, तू आपल्या भावाला का दोष लावतोस, तू आपल्या भावाला का तुच्छ मानतोस? आणि लगेच न्यायासन समोर आणतो. त्याच्या लेखी ते आसन एका ताटावर न बसणाऱ्या भावांसाठी आहे.

गोव्यात बामण, चार्डो आणि सुदिर ही जातींची विभागणी चर्चच्या दारातून आत आली आणि शतके राहिली. आमच्या नगर-सोलापूरकडे पूर्वाश्रमीचे महार कुटुंब आणि पूर्वाश्रमीचे मांग कुटुंब एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेते, आणि लग्नाची बोलणी निघाली की आजोबांची जात विचारते. ब्राह्मणांतून आलेल्या घराण्यांची नावे मंडळीत अजून वेगळ्या सुरात घेतली जातात. उचलले जाण्यावर प्रवचन देणाऱ्या प्रत्येक पाळकाला माझी मागणी आहे की त्याने पुढच्या रविवारी हा अध्याय वाचावा, मंडळीत सोयरिकी कशा जुळतात हे नावे न घेता पण स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि मग त्याच व्यासपीठावरून म्हणून दाखवावे की ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे आपल्याला याविषयी विचारले जाणार नाही.